टाकीला पीव्हीसी पाइप नको

हॅलोविनला पेटीतून ताडकन उठणारा सांगाडा करताय आणि हवेच्या टाकीसाठी पीव्हीसी पाइप चालेल का, असं विचारलंत. कृपया वापरू नका. त्यावर छापलेला दाब पाण्यासाठीचा असतो. आत दाबलेली हवा असताना तो फुटला, तर धारदार तुकडे उडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली छोट्या कॉम्प्रेसरची लोखंडी टाकीच घ्या.

सोलापुरात आमच्या मंडळाच्या गणपतीला मी गुहेतून झेपावणारा राक्षस केला होता. 25 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) हवेवर चालणारा सिलिंडर, त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने हवा सोडणारा, विजेवर चालणारा 5/2 सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि अंगाच्या उष्णतेवरून हलणारा माणूस ओळखणारा पीआयआर सेन्सर. 4 बार दाबाला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) हा सिलिंडर जवळपास 20 किलोचा जोर लावतो, पोराच्या हनुवटीला बसला तर दात पडतील! म्हणून दाब 2 बारवर आणला आणि सिलिंडरच्या दोन्ही तोंडांना फ्लो कंट्रोल (हवेचा वेग कमी-जास्त करणारा स्क्रूचा व्हॉल्व्ह) लावून बाहेर पडणारी हवा आवळली. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत गेलो, तसा शेवटी बसणारा धाडकन आवाज कमी होत फक्त फुस्स राहिला. पुढे जाळी लावलीच, तीही हाताच्या अंतरापलीकडे.

सेन्सरने मात्र छळलं. दुपारी तापलेल्या पत्र्याच्या मांडवात त्याला माणूस दिसेचना, कारण अंग आणि मागचा पत्रा सारखेच गरम. रात्री बिनचूक चालला. तुमचं काम रात्रीचंच, त्यामुळे ती काळजी नाही. फक्त चालू केल्यावर त्याला मिनिटभर स्थिरावू द्या आणि व्हॉल्व्हच्या डीसी कॉइलला उलटा डायोड (कॉइल बंद होताना येणारा विजेचा झटका शोषणारा) विसरू नका.