स्प्लेंडरले रुंद टायर? नव्या गाडीवाल्याले खर्चात पाडू नका

धुऱ्यावरचा (दारव्हा)
परवा एका ताईनं साधा प्रश्न विचारला होता: जुनी स्प्लेंडर घेतली, गाडी नुकतीच शिकले, दोन्ही टायर गुळगुळीत झाले, कोणते टाकू? त्यावर बाईकवेड्या भाऊचं उत्तर: "कंपनीचे बारके टायर फेका. युनिकॉर्नचा मागचा 100/90-18 आरामात बसते. बटन टायर (मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचा) घ्या, आपल्या रस्त्याले तोच पाहिजे. पुढचा घासतच नाही, तिथं पैसे घालू नका." खाली "एकदम बरोबर भाऊ"ची रांग लागली. गप्प बसणार होतो, पण पुढच्या टायरचं वाचलं आणि राहवलं नाही.

18 इंचाचा आहे म्हणून बसते, हे खरं. पण स्प्लेंडरची रिम अरुंद. तिच्यावर शंभर मिमी रुंदीचा टायर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगतो. म्हणजे ज्या जास्तीच्या रबरासाठी पैसे दिले ते रस्त्याला टेकतच नाही. वळणावर गाडी वाकवली की एकदम ढासळल्यासारखी वाटते. शिकाऊ माणसाला हेच द्यायचं का? वरून चाक जड, अॅव्हरेज कमी, आणि नशीब वाईट असलं तर चेनकव्हरला घासणं वेगळं.

जुन्या स्प्लेंडरला दोन्हीकडे 2.75-18 येते, म्हणजे 2.75 इंच रुंद, 18 इंची चाकाचा. आता बहुतेक दुकानात 80/100-18 मिळते, ते त्याच्या जागी चालते. पण साइज एकच म्हणून कोणताही कुठंही लावू नका. 2.75-18 मध्ये पुढच्यावर 42P असते, मागच्यावर 48P. 42 म्हणजे 150 किलो झेपते, 48 म्हणजे 180 किलो. आपल्याकडं मागं बायको, मधात पोरगं आणि टाकीवर डीएपी खताची 50 किलोची बॅग असते. पुढचा टायर मागं लावून हा संसार वाहायचा म्हणता?

आता "पुढचा घासत नाही". घासणार कसा? इथं निम्मे लोक पुढचा ब्रेक दाबतच नाहीत. ब्रेक दाबला की वजन पुढं येते, गाडी थांबवायचं मोठं काम पुढचंच चाक करते. आणि नवा माणूस घाबरला की सगळ्यात आधी हाताचाच ब्रेक आवळते. तिथं तुम्ही भेगा पडलेला टायर ठेवायला सांगता. नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होते. मे महिन्यात पारा 45 च्या वर, गाडी दिवसभर पंचायतीसमोर उन्हात उभी. नियमात दुचाकीच्या नक्षीची खोली किमान 0.8 मिमी लिहिली आहे, पण वयाचं कोणी पाहत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. ते वाचल्याशिवाय दुकानदाराला पैसे देऊ नका.

बाईकवेडा_वऱ्हाड
वा मास्तर, वा! पुस्तक वाचून गाडी चालवता वाटते. माह्या गाडीले 100/90 टाकून लय दिवस झाले. चिखलदऱ्याचा घाट चढतो, उतरतो. काहून नाही पडलो मी? कंपनी बारका टायर कायले देते, हे शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत हाय. जाहिरातीत अॅव्हरेज छापायले. आन् तुम्ही म्हणता तो टायर घेऊन एकदा पाऊस पडल्यावर आमच्या पांदणीतून, म्हंजे वावराच्या कच्च्या रस्त्यातून, गाडी काढून दाखवा. मग करा गोष्टी.

काळी_कसदार (दर्यापूर)
पांदणीचं नाव काढलं म्हून बोलतो. राजा, काळ्या मातीत रुंद टायर टाकणारा एक तर शहरातला असन, नाही तर दुकानदार. रुंद टायर माती उचलते आन् मडगार्डात भरते. शंभर फूट नाही जात का चाक जाम. मंग बसा काडीनं कोरत. बारका टायर निदान खालच्या कडक थरापोतर कापत जाते. बटनाच्या खाचा तर पहिल्या दहा फुटातच बुजतात, मंग तुह्या बटनात आन् माह्या गुळगुळीत टायरात फरक काय रायला? आमच्याकडे पानी आलं का गाडी डांबरीवर ठेवायची, चपला हातात घ्यायच्या आन् चालत जायचं. त्याच्यावर टायर निघालाच नाही अजून.

आन् पांदण म्हनता कोनत्या पांदणीले? आमची होती एक. बैलबंडी जाये आरामात. आता बाजूवाल्यानं दर वर्षी दोन-दोन तासं (नांगराच्या ओळी) नांगरून आत घेतली. सायकल जात नाही तिथून. टायरवर कायची चर्चा करता? रस्ता तर ठेवा पहिले!

झाडीपट्टी (साकोली)
आमच्या भागात काळी माती नाही म्हणून थोडं वेगळं सांगतो. मुरमाच्या सुट्या रस्त्यावर मागं बटन टायरचा फायदा होतो. बाईकवेड्या भाऊंचं तेवढं बरोबर आहे. पण ते बटन कंपनीच्या साइजमध्येच मिळते ना! रुंद कशाला? पुढं लाइनवाला (सरळ रेघांच्या नक्षीचा), मागं बटन, इकडचे अर्धे दूधवाले असेच चालवतात. मात्र जिचं काम डांबरी आणि सिमेंट रस्त्यावर आहे तिनं खोल बटन घेऊ नये. आवाज करते, लवकर झिजते आणि ओल्या सिमेंटवर घसरते.

बाईकवेडा_वऱ्हाड
चला, कोणाले तरी अक्कल हाय. बटन बरोबर म्हणलं ना? मी तेच म्हणलं होतं.

धुऱ्यावरचा
तुम्ही 100/90 म्हणलं होतं. पोस्ट अजून वर दिसते आहे, पुसायची असेल तर आता पुसा. मुरमाचा मुद्दा मान्य, पण तो झाडीपट्टीवाल्यांचा. तुमचा नाही.

पंक्चर_अड्डा (आर्णी रोड)
सगळे टायर-टायर करून रायले. ट्यूबचं कोनी बोललं का? दीड-दोन हजाराचा नवा टायर घेते आन् आत जुनीच ट्यूब टाकायले लावते. "चांगली हाय ना काका, चार ठिगळं तर हायेत!" जुनी ट्यूब वापरून पसरलेली असते, नव्या टायरात तिची घडी पडते, आन् घडीवरच फाटते. मंग माह्याच नावानं बोंब. ट्यूब नवी, रिमची पट्टी नवी, व्हॉल्व्ह सरळ. टायरवर बाण असते, तो चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं. एका दुकानात उलटा लावून दिलेला टायर मी सरळ करून दिला, मजुरीचे पैसे मागतले तं तोंड वाकडं.

आन् ते ट्यूबलेस, ट्यूबलेस. तारेच्या चाकाले हवा कुठून टिकन? आऱ्यांच्या भोकातून जाते सगळी. अलॉय दिसलं म्हंजे ट्यूबलेस नसते, जुन्या गाड्यांचे अलॉयही ट्यूबवालेच होते, रिम पाहून सांगा लागते. ट्यूबलेस रिम असन तं मी पहिले म्हनीन घ्याच, बाभळीचा काटा घुसला तरी माणूस घरी पोचते. ट्यूब काट्यानं भस्सकन बसते, पुढच्या चाकाची बसली तं नवा गडी सिधा खाली.

हवेचंही सांगून ठेवतो. हवा सकाळी भरा, टायर थंडा असताना. दुपारी तापलेल्या टायरात काटा जास्त दाखवते, मंग लोक हवा सोडून देते आन् सकाळी टायर बसलेला. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असते, डबलसीटचा आकडा वेगळा असते. पण पाच रुपये द्यायच्या वेळी सगळे म्हनते "पंपावर फुकट भेटते". जा मंग पंपावर. तिथली मशीन चालू असन तं मले फोन करा, मीही येतो.

पुण्यातला_यवतमाळकर
मला कळत नाही, सेफ्टीच्या बाबतीत आपण इतके कंजूस का? परदेशी ब्रँडचा सॉफ्ट कंपाउंड (मऊ रबराचा) टायर घ्यावा, अलॉय ट्यूबलेस रिम बसवून घ्याव्यात. एकदाच खर्च होतो. इकडे पुण्यात सगळे तेच करतात. आणि टायरमध्ये नायट्रोजन भरावा, उन्हाळ्यात प्रेशर स्थिर राहते.

काळी_कसदार (दर्यापूर)
भाऊ, हवेत तशीही तीन हिस्से नायट्रोजनच हाय. उरलेला एक हिस्सा विकत घ्यायले पुण्याले येऊ का? ताईनं सेकंडह्यांड गाडी घेतली हाय, तुम्ही तिले गाडीच्या किमतीचे चाकं सांगून रायले.

पुण्यातला_यवतमाळकर
सल्ला मागितला म्हणून दिला. गावाकडच्या लोकांचा हाच प्रॉब्लेम आहे, चांगलं सांगितलं की टोमणे.

पंक्चर_अड्डा (आर्णी रोड)
दिवाळीत गावी येता तेव्हा हवा माह्याकडेच भरता, आन् साधीच भरता.

माजी_तलाठी
टायरमधलं मला कळत नाही. दर्यापूरच्या भाऊंनी पांदणीचा मुद्दा काढला, त्यावर लिहितो, कारण याच अज्ञानामुळे लोक वर्षानुवर्षे चिखलात राहतात. गावाच्या नकाशावर दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला गाडीरस्ता कोणाच्या बापाचा नसतो. चालू असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 प्रमाणे तहसीलदाराकडे दावा करता येतो, मात्र अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143 प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. अर्ज करत नाहीत आणि चावडीवर बसून शिव्या देतात.

काळी_कसदार (दर्यापूर)
वा साहेब! सहा महिने! तो एका दिवसात थोडीच अडवते? दर वर्षी एक तास इकडे सरकवते. सहा महिने कोनत्या तासापासून मोजू? आन् तलाठी मोक्यावर येऊन पंचनामा करन तेव्हा ना. आमचा तं पंचनामा बाजूवाल्याच्याच ओसरीत चहा पेत झाला होता. कायदा आम्हालेही वाचता येते.

माजी_तलाठी
सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. मी नोकरीत असताना पांदणी मोकळ्या केल्या आहेत, आणि त्या पायी लोकांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. ज्याची पांदण अडते तो ओरडतो, पण त्याच माणसानं दुसऱ्या बाजूचा धुरा (बांध) कोरलेला असतो, हेही मी मोजणीत पाहिलं आहे.

काळी_कसदार (दर्यापूर)
म्हंजे मी चोर? माह्या वावराची मोजणी करून घ्या. आजच्या आज. फी मी भरतो.

झाडीपट्टी (साकोली)
राजेहो, टायरवर या.

बाईकवेडा_वऱ्हाड
नाही नाही, येऊ द्या. पांदण नीट असती तर रुंद टायर लागलाच नसता, म्हणजे माझं म्हणणं खरं निघालं.

धुऱ्यावरचा
दर्यापूरच्या भाऊनं वर सांगितलं की रुंद टायर पांदणीतच फसते. वाचता तरी का दुसऱ्याचं?

आणि माजी तलाठी साहेब, सहा महिन्यांवर भाऊंचा प्रश्न रास्त आहे. हळूहळू कोरलेल्या रस्त्याचं काय, ते तुम्ही सांगितलंच नाही.

माजी_तलाठी
त्यासाठी हद्दीची मोजणी, नकाशाची नक्कल आणि अतिक्रमणाचा वेगळा अर्ज. कलम 5 तिथं अपुरं पडतं, हे मान्य करतो. पण "अर्ज करूनही काही होत नाही" हे अर्ज न करणाऱ्यांचंच वाक्य असतं.

नवशिकी_गटप्रवर्तक
नमस्कार. प्रश्न माझा होता, कोणाला आठवत असेल तर. मला पांदणीत जायचंच नाही. माझी गावं डांबरी रस्त्यावर आहेत, शेवटचा थोडा तुकडा मुरमाचा. मागं बहुतेक वेळा एक आशाताई आणि रजिस्टरांची पिशवी. चाकं तारेची आहेत. रुंद टायरचं घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला "भारी दिसन", दिसण्यासाठी माझ्याकडं पैसे नाहीत. मानधन कधी येते ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. यवतमाळच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला पुढचा राहू द्या, मागचा तेवढा बदला, आणि मागचा जुना पुढं लावून देतो, साइज एकच आहे. हे करू का?

धुऱ्यावरचा
नका करू ताई. मागचा टायर मधून सपाट झिजलेला असते, तो पुढं लावला की वळताना हँडल अडखळते. एकाच वेळी दोन्हीचे पैसे नसतील तर ज्याला भेगा आहेत तो आधी. भेगा दोन्हीला असतील तर पुढचा आधी घ्या आणि मागच्यासाठी थांबा, पण तोवर डबलसीट बंद. ब्रँडवर भांडत बसू नका; एमआरएफ, सिएट, टीव्हीएस, जो ताजा मिळेल तो. सिएटचे दुचाकीचे टायर तर आपल्या नागपूरजवळच्या बुटीबोरीतच बनतात, तरी दुकानात तीन वर्षं पडलेला माल गिऱ्हाइकाच्या माथी मारतात. आठवड्याचा आकडा पाहा. पक्कं बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला आहे. एका दुकानदारानं मला त्यानंतरही जुन्याच भावाचं कार्ड दाखवलं होतं.

काळी_कसदार (दर्यापूर)
आन् ट्रॅक्टरच्या टायरले 5 टक्के. ज्याच्यापाशी ट्रॅक्टर हाय त्याले सवलत, जो स्प्लेंडरवर खत नेते त्याले 18. लिहून घ्या हेही.

पंक्चर_अड्डा (आर्णी रोड)
ताई, पुढं लाइनवाला, मागं साधी नक्षी, दोन्ही ट्यूबा नव्या. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असते, वरचा चकचकीत थर घासोस्तोवर जोरात ब्रेक मारू नका आन् गाडी वाकवू नका. दुकानातून टायर घेऊन या, मी बसवून देतो. पाच रुपये हवेचे घेईन.

बाईकवेडा_वऱ्हाड
घ्या ताई, बारकाच घ्या. तारेच्या चाकाले आन् डांबरी रस्त्याले चालून जाईन. माहा सल्ला घाटातल्या लोकांसाठी होता.

धुऱ्यावरचा
घाटातल्या लोकांनी विचारलं नव्हतं.

नवशिकी_गटप्रवर्तक
पुढचा आणि दोन ट्यूबा आत्ता घेते, मागचा मानधन आल्यावर. भेगा दोन्हीला आहेत, म्हणून आशाताईंना सांगितलं, काही दिवस एसटीनं या. त्यांनी विचारलं, एसटी कोणती?

तलाठी काका, एक वेगळं विचारते. आमच्या वावरालाही रस्ता नाही, मधात दुसऱ्याचं शेत. तो 143 चा अर्ज वडिलांच्या नावानं करायचा का, सातबारा त्यांच्या नावावर आहे?

माजी_तलाठी
ज्याच्या नावावर सातबारा त्यानंच. सातबारा, गाव नकाशाची नक्कल आणि ज्यांच्या बांधावरून रस्ता मागता त्या सगळ्यांची नावं अर्जात टाका. एकही सुटला तर तो नंतर आडवा येतो.