मदत हवी आहे: गिऱ्हाईक एआयचं चित्र आणतं आणि म्हणतं, "एवढे हात नीट करून द्या"

नमस्कार. मी सांगलीत लग्नपत्रिका, लेबलं, मंडळांचे बॅनर असली कामं करते. चित्र क्रितामध्ये, अक्षरं इंकस्केपमध्ये. दोन्ही फुकट, आणि इंकस्केपमध्ये जोडाक्षरं तुटत नाहीत. (फोटोशॉपमध्ये कुणाची तुटत असतील तर टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडून बघा.) माझी अडचण सॉफ्टवेअरची नाहीच, गिऱ्हाइकाची आहे.

एका हळदीच्या व्यापाऱ्याला पुडीसाठी चित्र हवंय. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एआयचं चित्र पाठवलं. नऊवारीतली बाई, पण काष्टा गायब. नथ उजव्या नाकपुडीत, डाव्या हाताला सहा बोटं. सुपात हळकुंडं म्हणून चक्क आल्याचे तुकडे, आणि वर 'हळद'सारखं दिसणारं काहीतरी, जे कुठल्याच लिपीत वाचता येत नाही. "पाच मिनिटांचं काम आहे, पाचशे देतो." त्या पाच मिनिटांत बाई पुन्हा काढावी लागणार, हे कसं सांगायचं?

असल्या कामाला तुम्ही दुरुस्तीचा भाव लावता की नव्या चित्राचा? दुरुस्त केलेलं चित्र मालकीनं कुणाचं? आणि माझी जुनी चित्रं नेटवर आहेत, त्यांना ग्लेझ (एआयला आपल्या शैलीची नक्कल करायला अवघड जावं म्हणून चित्रावर चालवायचं सॉफ्टवेअर) लावण्यात अर्थ आहे का? सांगली-मिरजेत एकत्र बसून काढणारं कुणी असेल तर तेही सांगा, घरात एकटीनं कंटाळा येतो.

रेघोट्या (सातारा): ताई, भाव नव्या चित्राचाच लावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं चित्र आधीच दाबलेलं (कॉम्प्रेस केलेलं) असतं, छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मागतात तिथे ते फुटणारच. हे त्याला प्रिंट काढून दाखवा, बोलून पटत नाही.

मालकीचं लेखी ठरवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे घेऊन काढून दिलेल्या पेंटिंगचा किंवा पोर्ट्रेटचा पहिला मालक काम देणारा धरतात, वेगळा करार नसेल तर. हक्क देताना मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात. एआयच्या चित्राचा कर्ता कोण यावर अजून वाद चालूच आहे, त्यात तुम्ही पडू नका. आपण काढलं तेवढं आपलं, एवढं बिलावर लिहा.

ग्लेझ शिकागो विद्यापीठाचं, फुकट आहे. नक्कल करणाऱ्याला त्रास होतो, पण कुलूप नव्हे. जे आधीच उचललं गेलंय त्याला उपयोग नाही. नव्या चित्रांना लावा.

पुडीवर जीआय (त्या-त्या भागाच्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिरवायचं असेल (सांगलीच्या हळदीला २०१८ ला मिळालंय), तर व्यापारी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला आहे का, ते आधी विचारा. आणि फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्या (म्हणजे अक्षरं फॉन्ट न राहता चित्रासारखी होतात), नाहीतर प्रेसवाला त्याच्या श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो आणि वेलांट्या त्याच्या मनाच्या.

एकत्र बसायचं तर आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला या ना. भवानी संग्रहालयात रविवर्मा, धुरंधर या चित्रकारांची मूळ चित्रं बघायला मिळतात. नऊवारीच्या चुण्या अभ्यासायला याहून जवळची जागा नाही.

मूळ धागाकर्ती: औंध नक्की. बिलावरच्या त्या ओळी नेमक्या कशा लिहिता, नमुना टाकाल का? माझं बिलबुक म्हणजे स्टेशनरीतून आणलेलं कॅश मेमोचं पुस्तक आहे, त्यात 'माल' आणि 'नग' एवढेच रकाने.