भाच्याचं एसीएल तुटलंय, ऑपरेशन लगेच करावं का? सल्ला हवाय

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. भाचा १९ वर्षांचा, सांगलीत कॉलेजला, कबड्डीत चढाया करतो. परवा मॅटवर चढाई करून माघारी वळताना उजवा पाय तिथंच रोवला गेला आणि अंग फिरलं, कट्कन आवाज आला म्हणतो, कुणी धरलंही नव्हतं. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगला. एक्सरे नॉर्मल, पण एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटल्याचं आलंय. डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात ऑपरेशन करू, आणि घरातले मोठे म्हणतात गावात एकजण चोळून नस बसवतो त्याच्याकडं नेऊ. ताई रडकुंडीला आलीये. काय करावं?

फिजिओ_कोल्हापूर: दादा, चोळायला अजिबात नेऊ नका, नस वगैरे काही सरकलेली नाहीये. एसीएल म्हणजे मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत सांध्याच्या आतून तिरका गेलेला दोर, नडगी पुढं सरकू नये आणि गुडघा पिळू नये म्हणून. एक्सरेत हाड दिसतं, हा दिसत नाही. सांध्याच्या आतल्या पाण्यात असल्यामुळं तुटल्यावर रक्ताची गाठ तिथं टिकत नाही, म्हणून सहसा आपोआप जुळत नाही. दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला असतो तो दोर, म्हणजे एमसीएल, सांध्याबाहेर असतं, ते मात्र बेल्ट लावून बऱ्याचदा भरून येतं.

घाई कशाला म्हणते मी, तर सुजलेल्या आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं की नंतर तो आखडूनच राहण्याची भीती असते. आधी सूज उतरू दे, गुडघा पूर्ण सरळ होऊ दे. आणि एक बघा, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपतोय का? बरं वाटतं म्हणून सगळेच घेतात आणि मग गुडघा वाकलेलाच राहतो. उशी काढा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली दाबायला सांगा, मांडीचा स्नायू आवळून वाटी वर सरकताना दिसली पाहिजे.

पण गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर दोन हाडांमधली फाटलेली गादी (मेनिस्कस) आत अडकलेली असू शकते, तेव्हा थांबू नका. रिपोर्टमध्ये मेनिस्कसबद्दल काय लिहिलंय?

कृष्णाकाठ: गादीला छोटी चीर आहे म्हणतात, अडकत नाही. ताई विचारतेय ऑपरेशनशिवाय भागेल का?

फिजिओ_कोल्हापूर: रोजचं चालणं, सायकल यासाठी बऱ्याच जणांचं भागतं. स्वीडनमधला २०१० चा अभ्यास आहे, १२१ तरुण घेतले होते, त्यात आधी व्यायाम आणि लागलं तरच ऑपरेशन अशा गटातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांतही ते लागलं नाही. पण त्यात व्यावसायिक खेळाडू नव्हते, आणि कबड्डीत तर प्रत्येक चढाईला गिरकी. गुडघा सटकत राहिला की दरवेळी गादीचं नुकसान. पोराला खेळायचंच असेल तर माझं मत ऑपरेशनच, फक्त गुडघा तयार झाल्यावर.

चढाईपटू: माझं झालंय, हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेऊन तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवली. डॉक्टर निवडताना हे विचारा, ग्राफ्ट कुठून घेणार, गादी शिवणार की कापणार (शक्य असेल तर शिवलेली बरी), आणि नंतरचा फिजिओ कोण. फिजिओचं नावच काढत नसतील तर दुसरीकडं दाखवा. खेळाडूंचे गुडघे नेहमी करणारा ऑर्थोपेडिक बघा, नुसतं हॉस्पिटल मोठं असून उपयोग नाही. आणि भावा, तीन-चार महिन्यांत पाय एकदम ठणठणीत वाटतो, तेव्हाच पोरं मॅटवर जातात, पण ग्राफ्टमध्ये अजून नवा रक्तपुरवठा पूर्ण झालेला नसतो, तो कच्चाच असतो. किमान नऊ महिने, आणि दुसऱ्या पायाच्या ९० टक्के तरी ताकद आल्याशिवाय नाही. प्रशिक्षकांनाही आत्ताच सांगून ठेवा, स्पर्धा जवळ आल्या की तेच गळ घालतात.

कृष्णाकाठ: खूप आभार दोघांचे. ऑपरेशन पुढं ढकलतोय, सोमवारी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो. तोवर जिना चढला तर चालेल का, खोली वरच्या मजल्यावर आहे.

फिजिओ_कोल्हापूर: कठडा धरून चालेल. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. आणि गाडीला किक मारू देऊ नका.