चंद्र दिसला का, व्हिटेलियस?

जुनेदप्तर :
काल एकच लेख मला तीन ठिकाणांहून आला. तापट साहेबाला कसं सांभाळावं याचा धडा म्हणे रोमच्या ल्युसियस व्हिटेलियसकडून घ्यावा. सम्राट कॅलिग्युलाने त्याला विचारलं, चंद्रदेवी माझ्याशी बोलायला आली आहे, तुला दिसते का? 'हो' म्हणावं तर थाप, 'नाही' म्हणावं तर मान गेली. व्हिटेलियसने थरथरत नजर जमिनीला खिळवली आणि दबक्या आवाजात म्हणाला, "स्वामी, एकमेकांना बघणं तुम्हा देवांनाच शक्य." लेखकाच्या मते ही हजरजबाबीपणाची कमाल. व्हिटेलियस म्हातारा होऊन अंथरुणात मेला, म्हणजे त्याचं बरोबर होतं, असं म्हणून लेख संपतो.

गोष्ट अर्ध्यात तोडली याचा मला राग आला. हा माणूस आधी कोण होता ते सांगा ना. इ.स. 35 पासून सीरियाचा सुभेदार. रोमचं पूर्वेकडचं वैरी राज्य पार्थिया, तिथल्या राजाला त्याने युफ्रेटिसच्या काठी तहाला आणलं. जेरुसलेममधल्या शेतमालाच्या विक्रीवरचा कर माफ केला, तिथल्या मुख्य याजकाची वस्त्रं रोमन ताब्यातून परत दिली, तिथला रोमन अधिकारी पिलात, त्याला काढून जाब द्यायला रोमला धाडलं. रोमन इतिहासकार टॅसिटस कुणाबद्दल सहजासहजी चांगलं लिहीत नाही, पण तोही म्हणतो की प्रांतात याचा कारभार जुन्या वळणाचा, सचोटीचा होता. मग कॅलिग्युलाने त्याला मारायच्या इराद्याने परत बोलावलं. हा साधे कपडे घालून आला, पायांवर पडला, रडला, देव म्हणाला, आणि वाचला. इथवर मी त्याला बोल लावत नाही.

पण 24 जानेवारी 41 ला कॅलिग्युलाचा खून झाला. भीतीचं कारण संपलं. पुढे काय? पुढचा सम्राट क्लॉडियस, त्याच्या दरबारात हा सम्राज्ञी मेसालिनाच्या उजव्या पायातला जोडा टोगा आणि अंगरख्याच्या मध्ये बाळगायचा आणि मधूनच काढून त्याचे मुके घ्यायचा. 47 साली मेसालिनाला ल्युकलसच्या बागा हव्या झाल्या. त्या होत्या व्हॅलेरियस एशियाटिकस या बड्या उमरावाच्या. त्याला साखळदंडात आणलं, सुनावणी सम्राटाच्या शयनगृहात. त्याने असा काही बचाव केला की क्लॉडियस विरघळला. तेव्हा व्हिटेलियस रडत रडत बोलायला लागला. आमची जुनी मैत्री, याने राज्याची केलेली चाकरी, सगळं काढलं. आणि मागितलं काय? तर मित्राला आपलं मरण स्वतः निवडायची मुभा द्यावी! सुटत आलेल्या माणसाला याने आसवं गाळून मारलं. एशियाटिकस शेवटी आपली चिता बघायला गेला, झाडांच्या पानांना झळ लागेल म्हणून ती हलवायला लावली, आणि मग शिरा कापून घेतल्या.

हा धडा घ्यायचा का आपण? तोंडपुजेपणाने सम्राट शांत होत नाही. तो शांत झाल्यासारखा दिसतो, कारण किंमत तिसराच कुणीतरी मोजत असतो.

रानवारा :
खुर्चीत बसून दुसऱ्याचा कणा मोजणं फार सोपं असतं.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने सांगितलेली पास्टर नावाच्या उमरावाची हकिकत वाचली असेलच. कॅलिग्युलाला पास्टरच्या मुलाचा नटवेपणा, त्याचे केस खुपले. तुरुंगात टाकला. बाप जीव वाचवा म्हणून विनवणी करायला गेला, तर कॅलिग्युलाने जणू आत्ताच आठवल्यासारखं मुलाला मारायचा हुकूम दिला. त्याच दिवशी बापाला जेवायला बोलावलं. प्याला भरून दिला, अत्तर आणि हार पाठवले, आणि हा काय करतो ते बघायला माणूस ठेवला. संधिवाताने गांजलेला तो म्हातारा प्यायला, हार घातला, चेहरा हसरा ठेवला. का? त्याला दुसरा मुलगा होता.

त्याला काय म्हणणार तुम्ही?

आणि रोम कशाला, माझ्या घरचं सांगतो. माझे वडील भयंकर तापट. भाजीत मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर. जिन्यात पावलं वाजली की आईला कळायचं आज दिवस कसा जाणार. ती पाणी पुढे करायची, 'दमलात हो, तुमच्याशिवाय हे घर कोण ओढणार' म्हणायची. आम्ही दोघं भाऊ शिकलो, माणसांत आलो ते तिच्या त्या गोड बोलण्याच्या जिवावर. तिला लाळघोटी म्हणायची हिंमत आहे का कुणाची?

टिपणवही :
चर्चा भावनेवर जायच्या आधी एक सांगू द्या. चंद्राची गोष्ट इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो, तो कॅलिग्युलानंतर दीड शतकाहून जास्त काळाने लिहितोय. सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियसही समकालीन नाही. टॅसिटसने कॅलिग्युलावर लिहिलेला भाग तर हरवलेलाच आहे. यातला बहुतेक मजकूर सिनेटच्या, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेच्या वर्तुळातून आला, आणि त्या वर्गाला आपली स्वतःची हांजी हांजी झाकायला एक वेडा सम्राट आणि एक लाचार दरबारी हवाच होता. मी हे वर्षानुवर्षं सांगतोय. रोमवर लिहिणाऱ्यांनी कुठल्या इतिहासकाराने, किती वर्षांनी लिहिलं एवढं तरी सांगावं. कुणी सांगत नाही. जोड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते.

जुनेदप्तर :
टिपणवही, मुद्दा रास्त आहे, पण दरवेळी हाच मुद्दा मांडून चर्चा बंद पाडायची नसते. चंद्र खोटा धरा, जोडा खोटा धरा. एशियाटिकस मेला आणि बागा गेल्या, हे तर खोटं नाही?

रानवारा, पास्टरला मी काहीही म्हणणार नाही. त्याने दुसऱ्या कुणाचा मुलगा पुढे केला नाही. व्हिटेलियसने केला. तुम्ही दोघांना एका पंगतीत बसवलंत, माझी तक्रार तीच आहे.

शेवंती :
मी इथे सहसा लिहीत नाही, पण रानवारांचं ताट वाचून राहवलं नाही.

आमच्याकडेही ताट भिंतीवर जायचं. माझीही आई गोडच बोलायची. फक्त ती म्हणायची, 'तुमचं बरोबरच आहे, या पोरीने मीठ बघितलं नाही.' मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वडील शांत व्हायचे, हे खरं आहे. माझ्या पाठीवर राग काढून झाला की व्हायचे. नंतर आई तेल लावायला यायची आणि रडायची. तिचं ते रडणं खोटं नव्हतं. म्हणूनच एशियाटिकससाठी रडणारा व्हिटेलियस मला बरोबर कळतो. तोही बहुतेक खरंच रडला असेल.

आईला मी दोष देत नाही. ती गेली, वडीलही गेले. पण 'तिच्या गोड बोलण्यावर घर टिकलं' हे वाक्य मी आमच्या नात्यात चाळीस वर्षं ऐकत आले आहे. घर कुणाच्या अंगावर टिकलं ते कुणी विचारत नाही.

रानवारा :
शेवंतीताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण सगळ्या आया तशा नसतात. माझ्या आईने आम्हाला कधी पुढे केलं नाही, ती स्वतः पुढे उभी राहायची. तुमच्या घरावरून माझ्या आईचा न्याय करू नका.

अर्धविराम :
आमच्याकडे आजीने उलट केलं होतं. आजोबांनी ताट फेकलं, ती उठली, दुसरं ताट वाढलं नाही, आणि तीन दिवस चूल पेटवली नाही. पुन्हा ताट उडालं नाही.

शेवंती :
अर्धविराम, तुमच्या आजीचं माहेर जवळ असणार. माझ्या आईचं नव्हतं. तीन दिवस चूल बंद ठेवली असती तर ती चौथ्या दिवशी रस्त्यावर असती. असे दाखले देताना जरा विचार करा.

अर्धविराम :
माहेर पुढच्याच गल्लीत होतं. हे मला आजवर सुचलं नव्हतं, कबूल करतो.

रानवारा :
बघा, म्हणजे पाठीशी काय आहे यावर सगळं ठरतं! मी तेच सांगतोय. व्हिटेलियसच्या पाठीशी काय होतं? सीरियातली लीजनं, म्हणजे फौजा, हातची गेली होती, रोममध्ये तो एकटा. सेनेकानेच सांगितलं आहे, राजांच्या सेवेत म्हातारा झालेल्या एकाला कुणीतरी विचारलं, दरबारात एवढं वय कसं गाठलंस? तो म्हणाला, अपमान सोसत आणि वर आभार मानत.

ताठ राहून काय होतं तेही बघा. 59 साली सम्राट निरोने आईला मारलं आणि सिनेटने देवांचे आभार मानायचे ठराव केले. सिनेटचा सभासद थ्रेसिया पीटस तेवढा उठून बाहेर गेला. टॅसिटस काय म्हणतो? याने स्वतःवर संकट ओढवलं, पण इतरांच्या स्वातंत्र्याची सुरुवात त्यातून झाली नाही. 66 साली त्यालाही शिरा कापून घ्याव्या लागल्या. टाळ्या वाजवायला आपण मोकळे.

कोकणकडा :
तुम्ही सगळे एक तर पाय धरा नाही तर मान द्या, अशा दोनच वाटा धरून भांडताय. व्हिटेलियसच्याच जागी सीरियात गेलेला पेट्रोनियस विसरलात. कॅलिग्युलाचा हुकूम होता, जेरुसलेमच्या मंदिरात माझा पुतळा बसवा. पेट्रोनियस फौज घेऊन निघाला खरा, पण ज्यूंचा जमाव पेरण्या सोडून त्याच्यासमोर आडवा पडला. कापा म्हणाले, पुतळा नको. त्याने वेळ काढला. लोकांशी बोलला, पत्रं लिहिली, मुहूर्त टाळला. तिकडे रोममध्ये ज्यूंचा राजा हेरोद अग्रिपाने कॅलिग्युलाला अशी मेजवानी दिली की तो खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. अग्रिपाने स्वतःसाठी काही न मागता पुतळा थांबवायला सांगितलं. ज्यू इतिहासकार जोसेफसने हे सगळं दिलंय.

ही खुशामतच आहे, जुनेदप्तर. भरपूर खर्चाची, राजेशाही खुशामत. आणि तिने माणसं वाचवली.

टिपणवही :
ज्यू तत्त्वज्ञ फायलो त्याच सुमारास ज्यूंचं शिष्टमंडळ घेऊन कॅलिग्युलासमोर उभा होता. तो मेजवानी सांगत नाही, अग्रिपाचं पत्र सांगतो. जवळच्या साक्षीदाराचं ऐका.

कोकणकडा :
पत्र घ्या. पत्रातही मनधरणीच आहे.

जुनेदप्तर :
कोकणकडा, पुढचं का सोडलंत? पेट्रोनियसच्या वेळकाढूपणावर चिडून कॅलिग्युलाने त्याला जीव द्यायचा हुकूम धाडला. ते जहाज वादळात अडकलं आणि कॅलिग्युला मेल्याची बातमी 27 दिवस आधी पोचली, म्हणून पेट्रोनियस वाचला. मेजवानीने किती शांत झाला होता तो, ते यावरून दिसतं. त्याला थांबवलं ते त्याच्याच रक्षकदलातल्या कॅसियस कीरियाने, खून करून. याच कीरियाला तो पहारा बदलताना मुद्दाम घाणेरडे परवलीचे शब्द द्यायचा.

कोकणकडा :
म्हणजे वाऱ्याने वाचवलं. ठीक. पण वारा यायला जो वेळ लागतो, तो आधी कुणीतरी गोड बोलून मिळवावा लागतो की नाही?

आणि ज्या थ्रेसियाचा दाखला रानवारा देतात, त्याचं 62 सालचं प्रकरण बघा. अँटिस्टियस नावाच्या प्रीटरने, म्हणजे न्यायखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने, मेजवानीत निरोवर टवाळीच्या कविता वाचल्या. सिनेटमध्ये मृत्युदंडाची मागणी झाली. थ्रेसिया उभा राहिला. आधी निरोची तोंडभर स्तुती केली, अँटिस्टियसला झोडपून काढलं, आणि मग म्हणाला, एवढ्या थोर सम्राटाच्या काळात फाशीगारांची गरज काय? बेटावर हद्दपार करा. सिनेट त्याच्यामागे गेली. निरोला झोंबलं, पण माणूस जगला. म्हणजे तुमचा ताठ कण्याचा थ्रेसियासुद्धा स्तुती करत होता.

जुनेदप्तर :
हे माझ्या लक्षात नव्हतं. मागे जाऊन पुन्हा वाचून आलो, तुम्ही लिहिलंय तसंच आहे. तेव्हा 'तोंडपुजेपणाने सम्राट शांत होत नाही' हे माझं वाक्य मी मागे घेतो. नाइलाजाने घेतो, कारण यामुळे तो चंद्राचा लेख लिहिणारा खूश होईल.

पण तेच पान पुढे वाचा. त्या दिवशी थ्रेसियाच्या विरोधात, म्हणजे मृत्युदंडाच्या बाजूने, मोजकी माणसं राहिली. त्यांच्यात खुशामतीत सगळ्यांच्या पुढे कोण? ऑलस व्हिटेलियस. आपल्या ल्युसियसचा मुलगा. टॅसिटस लिहितो, हा भल्या माणसांवर शिव्यांनी तुटून पडायचा, आणि कुणी उलट उत्तर दिलं की गप्प व्हायचा, भेकड स्वभावाची माणसं करतात तसं. हाच पुढे 69 साली काही महिने सम्राट झाला. त्याला ना सीरियाहून बोलावणं आलं होतं, ना चंद्र दाखवला होता. त्याने घरी पाहिलं ते एवढंच.

शेवंती :
मुलाचं माहीत नव्हतं. हे वाचून हातातलं काम थांबलं.

रानवारा, तुमच्या आईबद्दल मी आता एक शब्द बोलणार नाही, तुम्ही सांगता ते खरं मानते. फक्त एक विचारते, उत्तर नाही दिलंत तरी चालेल. तुम्ही दोघं भाऊ म्हणालात. त्या घरातून दोघं सारखेच बाहेर पडलात का?

रानवारा :
नाही.

धाकट्याच्या घरीही जिन्यात पावलं वाजली की सगळे गप्प होतात. त्याची बायको पाणी पुढे करते. गेल्या दिवाळीला मी तिथे होतो, मी काही बोललो नाही. उलट त्यालाच म्हणालो, दमला असशील.

थ्रेसियाचं कोकणकडा म्हणतात ते पटलं. व्हिटेलियसबद्दल माझं मत अजून तेच आहे, सीरियाहून आला त्या दिवशी दुसरा कुठलाही माणूस तेच करता. पुढच्या दहा वर्षांसाठी मी त्याची बाजू लढवणार नाही. भावाबद्दल इथे आणखी लिहीत नाही.