समांतर रेषेचे समीकरण काढताना चढाचे चिन्ह चुकते, ते कसे समजावून सांगावे?

प्रश्न (औसा, जि. लातूर)

नमस्कार. माझी धाकटी बहीण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि यंदा अकरावी विज्ञानाला गेल्यापासून तिचा गणिताचा अभ्यास इंग्रजीतून सुरू झाला. दहावीच्या निर्देशक भूमितीत जो ‘रेषेचा चढ’ होता, त्यालाच आता ‘स्लोप’ म्हणतात, हे तिला ठाऊक आहे. परंतु शब्द बदलल्यापासून ती आकृती काढायचीच थांबली असून नुसती सूत्रे पाठ करते आहे.

काल रात्री आम्ही एक उदाहरण घेतले. ३क्ष + ४य = १२ या रेषेला समांतर असलेल्या आणि (२, −१) या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढायचे होते. तिने चढ ३/४ धरला आणि य = (३/४)क्ष − ५/२ असे उत्तर काढले. त्यात बिंदूच्या किमती घातल्या तर दोन्ही बाजू जुळतात, म्हणून उत्तर बरोबरच आहे, असा तिचा आग्रह आहे. पुस्तकात मात्र ३क्ष + ४य = २ असे दिले आहे. तिला पटेल अशा रीतीने ही चूक कशी दाखवावी? शिवाय, पुस्तकातल्या उत्तरात ३ आणि ४ तसेच राहून फक्त १२ च्या जागी २ कसे आले, हे मलाही नीट सांगता येत नाही.

उत्तर (परभणी, माध्यमिक शिक्षक)

ताई, बहिणीने केलेला पडताळा खरा आहे, पण अर्धाच आहे. उदाहरणात अटी दोन आहेत: रेषा त्या बिंदूतून जावी आणि दिलेल्या रेषेला समांतर असावी. तिने पहिलीच तपासली. दुसरी तपासायला तिची रेषा आणि मूळची रेषा ही एकसामयिक समीकरणे म्हणून सोडवायला सांगा. क्ष = ११/३ आणि य = १/४ अशी उकल मिळेल, म्हणजे त्या रेषा एकमेकींना छेदतात. समांतर रेषांच्या समीकरणांना सामाईक उकल असूच शकत नाही, हे तिने दहावीच्या बीजगणितात पहिल्याच प्रकरणात शिकलेले आहे.

चिन्हासाठी सूत्राआधी आलेख कागद घ्यावा. मूळची रेषा (०, ३) आणि (४, ०) या बिंदूंतून जाते. (०, ३) वर पेन्सिल ठेवून उजवीकडे ४ घरे जाताना ३ घरे खाली उतरावे लागते. आपण चालतो आहोत तो चढ नसून उतार आहे, हे बोटांनाच कळते, आणि म्हणून चढ −३/४ येतो. समीकरणातून काढायचे असेल तर आधी ४य = −३क्ष + १२ असे लिहावे; ही एक ओळ गाळल्यामुळेच बहुतेक मुलांचे ऋण चिन्ह हरवते. पुढे य + १ = −(३/४)(क्ष − २) यावरून ३क्ष + ४य = २ हे उत्तर मिळते.

उत्तर (जिंतूर तालुका, जि. परभणी)

सरांनी चिन्हाचा उलगडा केलाच आहे, म्हणून मी ताईंच्या दुसऱ्या शंकेपुरते लिहितो. आमच्याकडे शेती आहे आणि मला समांतर रेषा कळल्या त्या तिफणीमुळे, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजारामुळे. तिफणीचे तिन्ही फण एकाच दिशेने जातात, त्यामुळे पडणाऱ्या तासांची (पेरणीच्या ओळींची) दिशा एकच असते आणि प्रत्येक तासाची जागा तेवढी वेगळी असते. समीकरणात दिशा ठरवण्याचे काम क्ष आणि य यांचे सहगुणक करतात आणि जागा स्थिरपद ठरवते. म्हणून ३क्ष + ४य = क असे लिहावे, त्यात (२, −१) या किमती घालाव्यात, ६ − ४ = २ म्हणजेच क = २ मिळते आणि उदाहरण संपते. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे ही रीत फार उपयोगी पडते.

याच्याच पुढची एक गोष्ट बहिणीला अवश्य दाखवावी. १२ आणि २ यांतील फरक १० आहे, म्हणून रेषांमधले अंतर १० होत नाही. य-अक्षावर या रेषा ३ आणि १/२ या ठिकाणी येतात, म्हणजे अक्षावरून मोजले तर अंतर २.५ भरते, पण तेही खरे अंतर नव्हे. धुरा (शेताचा बांध) तिरका असेल आणि दोन तासांमधले अंतर आपण धुऱ्याच्या कडेने मोजले तर ते नेहमी जास्तच भरते, कारण खरे अंतर तासाला काटकोनात मोजायचे असते. ते काढण्यासाठी १० ला ३² + ४² च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने भागावे. अंतर २ एकके येते. ६क्ष + ८य = ४ असे लिहिले तरी रेषा तीच राहते, म्हणून स्थिरपदांची वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही समीकरणांतील सहगुणक सारखे करून घ्यावेत.

उत्तर (नांदेड)

थोडी भर घालते. दिलेली रेषा क्ष = ५ अशी उभी असेल तर तिचा चढ काढताच येत नाही आणि चढाचे सूत्र पाठ केलेली मुले तिथे अडकतात. सहगुणक तसेच ठेवण्याची रीत मात्र तिथेही चालते आणि (२, −१) मधून जाणारी समांतर रेषा क्ष = २ ही मिळते. तसेच, दिलेला बिंदू मूळच्या रेषेवरच तर नाही ना, हे आधी पाहावे. (४, ०) हा बिंदू घेतला तर क = १२ येते, म्हणजे मूळचीच रेषा परत मिळते आणि वेगळी समांतर रेषा त्या बिंदूतून निघत नाही.

प्रश्नकर्ती (औसा)

सर, दादा आणि नांदेडच्या ताई, आपण तिघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. आज सकाळी आम्ही आलेख कागदावर १ सेंमीला १ एकक घेऊन दोन्ही रेषा काढल्या. तिची जुनी रेषा मूळच्या रेषेला छेदताना दिसल्यावर तिने स्वतःच ती खोडली. नंतर मी तिला (−१, ५) हा बिंदू दिला, तेव्हा तिने −३ + २० करून ३क्ष + ४य = १७ हे समीकरण लगेच लिहिले आणि १७ हे १२ पेक्षा मोठे असल्याने ही रेषा मूळच्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला पडेल, असे न विचारताच सांगितले. मग २ आणि १७ या दोन रेषांमधले अंतर तिने १५ ला ५ ने भागून ३ काढले आणि काटकोनात पट्टी धरून मोजले. ते ३ सेंमीच भरले.