देणगी देण्याआधी हिशेब मागणं हा अविश्वास आहे का?

तळटीप (धागाकर्ता)

सहा वर्षं मी एका संस्थेला दर महिन्याला देणगी देत होतो. नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका संस्थेपुरता नाही. दर वर्षी गुळगुळीत कागदावरचा अहवाल यायचा, त्यात हसऱ्या मुलांचे फोटो आणि शेवटच्या पानावर एक गोल आलेख : १०० पैकी ८८ थेट मुलांसाठी. मी तेवढंच बघायचो.

मागच्या वर्षी पहिल्यांदाच लेखापरीक्षकाच्या सहीचा पूर्ण अहवाल मागितला. तीन वेळा आठवण केल्यावर आला. ताळेबंदातले आकडे मला फारसे उमगले नाहीत, पण त्याखालची टिपणं साध्या भाषेत होती. संस्थेनं एका खासगी कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलं होतं आणि एका विश्वस्तांच्या पत्नी त्या कंपनीत संचालक होत्या. कार्यालयाची जागाही त्याच कुटुंबाकडून भाड्यानं घेतलेली. हे सगळं कायद्यात बसवलेलंही असेल. पण मुलांच्या वह्यांसाठी दिलेला माझा पैसा कुणाच्या तरी धंद्याला भांडवल म्हणून गेला होता, आणि ही गोष्ट वर्षानुवर्षं छापून ठेवलेली होती. मीच ते पान कधी उघडलं नव्हतं.

आता माझा नियम ठरलेला आहे. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, टिपणांसकट, हातात आल्याशिवाय देणगी नाही. टाळाटाळ केली तर अजिबात नाही. प्रत्येक देणगीदारानं हेच करावं असं माझं मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

रानवाटा

मला पटत नाही, आणि कारण जवळचं आहे.

कर्णबधिर मुलांसाठी एक छोटं केंद्र मी ११ वर्षं चालवते आहे. आम्ही सातजण आहोत, त्यात हिशेबनीस कुणी नाही. मुलं घरी गेल्यावर व्हाउचरं मीच लावते. गेल्या वर्षी चौदा देणगीदारांनी चौदा वेगवेगळ्या नमुन्यांत विनियोग प्रमाणपत्रं, म्हणजे देणगी कशावर खर्च झाली याचे दाखले, मागितली. एकाला खर्च महिन्यानुसार हवा, दुसऱ्याला मुलामागे, तिसऱ्याला प्रत्येक बिलाची साक्षांकित प्रत. त्या तीन आठवड्यांत माझे वाचा-उपचाराचे तास बुडाले. कुणाचे बुडाले? मुलांचे.

तुमचा नियम सगळ्यांनी पाळला तर पैसा कुठे जाईल ते बघा. ज्यांच्याकडे हिशेबाचा वेगळा विभाग आहे, अहवाल तयार करणारा माणूस आहे, त्यांच्याकडे. लहान संस्था दारातच अडकेल.

आणि त्या '८८' बद्दल. तो आकडा संस्थांनी आपणहून काढलेला नाही, देणगीदारांनी मागितला म्हणून आला. 'माझा एकही पैसा प्रशासनावर जाता कामा नये' हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. मग संगणक नऊ वर्षं जुना राहतो. आमचा एक दिवस बंद पडला आणि वर्षभराच्या मुलांच्या नोंदी गेल्या, कारण त्यांची दुसरी प्रत ठेवण्यावर खर्च करणं म्हणजे 'प्रशासन'. २०१३ साली अमेरिकेतल्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था जोखू नका. संस्थांचं मूल्यमापन हेच ज्यांचं काम, त्यांनाच हे सांगावं लागलं. तरीही धोरण उलटच जातं. भारतात परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनं अशा देणग्यांमधून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली.

मोजपट्टी

वीस वर्षं संस्थांचं लेखापरीक्षण करतो आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. तुम्हा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे असं सांगून मोकळा होणार नाही. तळटीप यांचा नियम योग्य आहे, पण अहवाल हातात आल्यावर त्यात काय बघायचं हे त्यांनी लिहिलेलं नाही, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

टक्केवारी आधी बाजूला ठेवा. कार्यक्रम, प्रशासन आणि निधी उभारणी या तीन खणांत खर्च विभागताना संस्थेला बरीच मोकळीक असते. संचालकाचा अर्धा पगार कार्यक्रमात टाकता येतो. देणगी मागणाऱ्या पत्रात आरोग्याचे दोन सल्ले छापले की त्या पत्राच्या छपाईचा आणि टपालाचा काही भाग 'जनजागृती' म्हणून दाखवता येतो. सगळ्यांत मोठी पळवाट वस्तुरूप देणग्यांची. मिळालेली औषधं फुगवलेल्या किमतीला जमा दाखवायची, ती पुढे पाठवायची आणि त्याच किमतीला खर्ची टाकायची. रोख रक्कम कुठेही गेलेली असो, कार्यक्रमावरचा खर्च डोंगराएवढा दिसतो.

याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. २०१५ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, पन्नासही राज्यांसह कॅन्सर फंड ऑफ अमेरिका आणि तिच्याशी जोडलेल्या तीन संस्थांवर खटला भरला. आरोप असा की २००८ ते २०१२ या काळात लोकांकडून १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केले, त्यातला फार थोडा भाग रुग्णांपर्यंत गेला, आणि हे झाकण्यासाठी २२ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त किमतीच्या वस्तुरूप देणग्या हिशेबात दाखवल्या. केवळ टक्केवारी बघणाऱ्याला हे कसं कळणार?

मी स्वतः देणगी देताना पहिला प्रश्न वेगळाच विचारतो. बँकेत किती आहे हे नाही, त्यातलं मोकळं किती हे. इमारतीसाठी, शिष्यवृत्तीसाठी, एखाद्या प्रकल्पासाठी म्हणून आलेला पैसा अंकित असतो, त्यातून पगार देता येत नाही. तो वजा करा, इमारत आणि गाड्यांत अडकलेली रक्कम वजा करा, उरलेल्याला महिन्याच्या खर्चानं भागा. उत्तर येईल ते महिन्यांत. उद्या एकही देणगी आली नाही तर संस्था किती महिने उभी राहील, ते हे. दोन महिन्यांच्या आत असेल तर मी लगेच हात आखडत नाही, पण विश्वस्तांना याची कल्पना आहे का, ते विचारतो. लंडनमध्ये १९९६ साली सुरू झालेली किड्स कंपनी ही सेवाभावी संस्था मुलांसाठीच्या कामामुळे नावाजलेली होती, सरकारकडून कोट्यवधी पाउंड मिळत होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ती बंद पडली. राखीव निधी जवळपास नव्हताच. पुढे विश्वस्तांवर संचालकपदाची बंदी घालावी ही सरकारी अवसायकाची (बंद पडलेल्या संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याची) मागणी उच्च न्यायालयानं २०२१ साली फेटाळली. म्हणजे लबाडी नसतानाही संस्था बसू शकते. तिच्यावर अवलंबून असलेल्या मुलांना मात्र त्या दिवशी दार बंदच दिसलं.

कोरापान

राखीव निधी फार असेल तर? एका मोठ्या संस्थेचे हिशेब बघितले होते, पाच वर्षं पुरेल इतका पैसा पडून आणि पत्रात 'तातडीनं मदत हवी'.

मोजपट्टी

तेही तपासायला हवं. वर उल्लेख आलेल्या बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सचा निकष आहे की मोकळा निधी साधारण वर्षाच्या खर्चाच्या तिपटीपेक्षा जास्त नसावा. शिवाय, निधी कशासाठी साठवतो आहोत हे विश्वस्तांनी लिहून ठेवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर 'तातडीनं' हा शब्द खोटा आहे.

सावली

एवढं सगळं वाचलं आणि मला एकच कळत नाहीये. हिशेब चोख आहेत म्हणजे काम चोख आहे, असं तुम्ही गृहीत धरलंय का? लेखापरीक्षक एवढंच बघतो की आकडे खरं चित्र दाखवतात की नाही. शंभर सायकली घेतल्याचं बिल खरं आहे, हे तो सांगेल. त्या सायकलींमुळे एक तरी मुलगी शाळेत टिकली का, हे त्याच्या कामात येतच नाही. काहीही फरक न पडणारं काम अगदी स्वच्छ हिशेबात वर्षानुवर्षं चालू शकतं. मी तरी संस्थेला एकच विचारते : तुमचं कोणतं काम फसलं, आणि मग काय बदललं? उत्तर देता आलं नाही तर ताळेबंद सोन्याचा असला तरी मला नको.

माझ्या दृष्टीनं उत्तरदायित्व कसं दिसतं ते सांगते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली. जगभरातून पैशाचा ओघ सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेनं जाहीर केलं की त्सुनामीसाठी आम्हाला पुरेसा पैसा मिळाला आहे, आता या कामासाठी देऊ नका. जास्तीचा पैसा दुसऱ्या संकटांत वापरू का, असं देणगीदारांना विचारून परवानगी घेतली. लोक द्यायला तयार असताना 'पुरे' म्हणणं! हे कुठल्या टिपणात सापडेल?

तळटीप

सावली, उदाहरण फार आवडलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. अंकित निधी अंकित म्हणून वेगळा ठेवायचा, परवानगीशिवाय हलवायचा नाही, ही हिशेबाचीच शिस्त आहे. ज्या संस्थेला स्वतःचा पैसा नीट मोजता येत नाही तिला 'पुरे' कधी म्हणायचं ते कसं कळणार? काम चांगलं आहे का हा प्रश्न मोठा, मान्य. पण पैसा कामापर्यंत पोचतो का, हा त्याआधीचा.

रानवाटा, चौदा नमुन्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी तसं काही मागत नाही. तुमच्याकडे जो अहवाल आधीच तयार आहे, तोच मागतो. त्यासाठी तुमचा एकही तास बुडू नये. अमेरिकेत करमाफी असलेल्या बहुतेक संस्थांना वार्षिक विवरणपत्र, तिथला फॉर्म ९९०, मागेल त्याला दाखवावं लागतं, मागच्या तीन वर्षांचं. त्यात पदाधिकाऱ्यांचे पगार असतात, नातेवाइकांशी झालेले व्यवहार असतात. अगदी लहान संस्थांना फक्त काही ओळींची माहिती द्यावी लागते. म्हणजे आकारानुसार ओझं कमी-जास्त करता येतं. ज्यांना हा नियम लागू आहे त्यांना नकार मात्र देता येत नाही.

रानवाटा

पगार जाहीर करण्याला माझा ठाम विरोध आहे. आमच्या शिक्षिकांना मिळतात ते पगार लहान आहेत आणि त्या आकड्यांसह त्यांची नावं लोकांसमोर गेली तर गावगप्पांत त्यांचीच मान खाली जाईल. उलट मोठ्या संस्थेत एखाद्या अनुभवी माणसाला चांगला पगार असेल तर लोक लगेच 'समाजसेवा की नोकरी' म्हणतात. चांगला पगार दिल्याशिवाय चांगली माणसं टिकत नाहीत, हे रुग्णालयाच्या बाबतीत सगळ्यांना पटतं, आमच्या बाबतीत का नाही?

मोजपट्टी

शिक्षिकांची नावं कुणीच मागत नाहीये. प्रश्न आहे तो निर्णय घेणाऱ्यांचा : संस्थापक, संचालक, विश्वस्त. त्यांचा पगार कोण ठरवतं? स्वतःचा पगार ठरवताना ते बैठकीतून उठून बाहेर जातात का? विश्वस्त मंडळात एकाच घरातले किती? पगार मोठा आहे की लहान यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. मी ज्या संस्थांमध्ये गडबड पाहिली, तिथे बहुतेक वेळा पगार अगदी साधे होते. पैसा भाड्यातून, गाडीच्या बिलांतून, घरच्याच पुरवठादाराकडून गेला होता.

आणखी एक. लेखापरीक्षकाचं मत सशर्त असेल, म्हणजे 'अमुक वगळता हिशेब बरोबर' असं लिहिलेलं असेल, तर ते 'अमुक' दोनदा वाचा. आणि तीन वर्षांत तीन लेखापरीक्षक बदललेले दिसले तर का बदलले, ते विचारा. उत्तर साधंही असू शकतं.

कोरापान

+१. पण मी वर्षातून दोनदा छोटी रक्कम देतो. तेवढ्यासाठी हे सगळं वाचू?

तळटीप

सगळं नको. टिपणांत 'संबंधित व्यक्तींशी व्यवहार' हा भाग शोधा. अर्धं पान असतं.

सावली

माझं मत अजून बदललेलं नाही. पण तेवढं अर्धं पान मीही वाचेन.

रानवाटा

काल रात्री आमचाच मागच्या वर्षीचा अहवाल काढून बसले. मुलांची ने-आण करणारी गाडी माझ्या भावाची आहे. बाहेरच्यापेक्षा कमी भाडं घेतो, सुट्टीच्या दिवशीही येतो, विश्वस्तांना सगळं माहीत आहे. पण टिपणांत त्याचा उल्लेखच नाही. आमच्याकडून तो राहिला, लेखापरीक्षकांनी विचारलं नाही, आणि चौदा देणगीदारांपैकी एकालाही दिसला नाही. चौदा नमुन्यांत कुठेच तो रकाना नव्हता.

पगारांबद्दल मी माझ्या मतावर आहे. पण सोमवारी आमच्या लेखापरीक्षकांना फोन करते आहे. यंदाच्या टिपणांत गाडीचं भाडं, भावाशी असलेलं नातं आणि इतर दोन गाडीवाल्यांचे दर, तिन्ही लिहायला सांगणार आहे.