साबण: लॅटिन ‘सापो’ ते व्हिएतनामी ‘सा फोंग’

विचारणा (म्हापसा): ‘साबण’ पोर्तुगीजांकडून आला असं इथे सर्रास म्हणतात. मूळ लॅटिन शब्द कोणता? व्हिएतनामीत काय म्हणतात? साबणाच्या वेष्टनावर छापायचं आहे.

उत्तर (फोंडा): लॅटिन ‘सापो’. पोर्तुगीज जाणणाऱ्यांनी जपून, त्या भाषेत ‘सापो’ म्हणजे बेडूक; त्याचा इथे संबंध नाही. पुढच्या भाषांनी उचललं ते कर्माचं रूप, ‘सापोनेम’. दोन स्वरांमधल्या ‘प’चा पोर्तुगीजमध्ये ‘ब’ झाला (‘साबांव’), फ्रेंचमध्ये ‘व’ (‘साव्हों’), इटालियनने ‘प’ राखला (‘सापोने’). गंमत म्हणजे लॅटिननेही तो जर्मानिक भाषांतून उसना घेतलेला. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहिलंय की ही गॉल (आजच्या फ्रान्सकडच्या) लोकांची वस्तू, केस तांबूस करायला. बीच झाडाची राख आणि बकऱ्याची चरबी सगळ्यांत उत्तम. म्हणजे अंग धुण्याशी तेव्हा फारसं देणंघेणं नव्हतं.

उत्तर (मडगाव): पोर्तुगीज उगमावर पैज लावू नका. पोर्तुगीज शब्दाचा शेवट ‘पाव’च्या मूळ शब्दासारखाच अनुनासिक आहे, पण ‘पाव’ला कुठे ‘ण’ लागला? अरबी ‘साबून’शी ‘साबण’चा शेवट जास्त जुळतो. अर्थात अरबी शब्दही ग्रीकमार्गे त्याच ‘सापो’कडे जातो.

आता व्हिएतनामी. उत्तरेत ‘सा फोंग’, दक्षिणेत ‘सा बोंग’. दोन्ही फ्रेंच ‘साव्हों’वरून. छापील मजकुरात पहिला घ्या. वडीला ‘बान्ह सा फोंग’. ‘बान्ह’ खाण्याच्या पदार्थांनाही लागतो, आपल्या ‘वडी’सारखाच. शांपूला मात्र हा शब्द चालणार नाही. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘केस धुण्याचं तेल’.

विचारणा (म्हापसा): रोमन लिपीत पहिलं अक्षर ‘एक्स’ दिसतंय. मग ‘शा’ का नाही?

उत्तर (मडगाव): शाकुती आणि शेल्डें गाव यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘श’ला ‘एक्स’ असतो, त्याची सवय! व्हिएतनामीची रोमन लिपीही पोर्तुगीज जेजुइट पाद्र्यांच्या वळणाची. जेजुइट पाद्री आलेशांद्र द रोडचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 साली रोममध्ये छापला. ‘एक्स’चा उच्चार तेव्हा ‘श’कडे झुकणारा होता, आज ‘स’ आहे.

उत्तर (फोंडा): जाता जाता, रिठ्याचं शास्त्रीय नाव ‘सॅपिंडस’ म्हणजे ‘सापो’ अधिक ‘इंडिकस’, भारतीय साबण. फेस आणणारं ‘सॅपोनिन’ही त्याच धातूचं.

उत्तर (मडगाव): छापखान्याला एक बजावा. अक्षरांवरच्या खुणा म्हणजे नक्षी नव्हे, त्यांनी सूर किंवा स्वर ठरतो. ‘सा’वरची उतरती रेघ गळली की अर्थ ‘दूर’ होतो. ‘सा फोंग’मध्ये दोन्ही अक्षरांवर ती हवी, ‘सा बोंग’मध्ये फक्त पहिल्यावर, दुसऱ्यातल्या ‘ओ’वर टोपी. जुन्या फाँटमध्ये हे उडतं, म्हणून युनिकोड वापरा आणि मुद्रित ताडून पाहा.